गुणवत्तेच्या यादीआधी



बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा मथळा आपल्याला आधीच ठाऊक असतो : 'यंदाही मुलींचीच बाजी'. २०२५ च्या निकालात राज्यातल्या ९४.५८ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलं ८९.५१ टक्के. एकमेकींना पेढे भरवणाऱ्या मुलींचे फोटो छापून येतात. मग जून-जुलै उजाडतो, प्रवेशाचे अर्ज सुरू होतात आणि त्या फोटोतल्या मुली पुढे कुठे गेल्या याची बातमी काही येत नाही.

ती बातमी कुणी शोधलीच, तर तिच्यात दोन गोष्टी एकदम दिसतात. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशभरात उच्च शिक्षण घेणाऱ्या ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी २ कोटी ७ लाख मुली होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या. एवढं साधायला स्त्रियांच्या चार-पाच पिढ्या खर्ची पडल्या आहेत, त्याचा आनंद मानलाच पाहिजे. पण त्याच आकड्यांमध्ये इंजिनियरिंगच्या वर्गात डोकावलं तर दहा विद्यार्थ्यांमागे मुली तीनच्या आसपास. जिथे शिकून हातात चांगली नोकरी आणि स्वतःचा पैसा येतो, त्या दारांवर मुलींची गर्दी अजून पातळ आहे. असं का, असं विचारलं की उत्तर तयार असतं, "प्रवेश गुणवत्तेवर होतात. यादीत नाव आलं तर मिळेल, नाही तर नाही. यात स्त्री-पुरुष आणता कशाला?"

आज या 'गुणवत्ता' नावाच्या शब्दाबद्दलच बोलायचं आहे. कारण तो उच्चारला की आपल्यातल्या भल्याभल्या कार्यकर्त्याही गप्प होतात. हुंडा, मारहाण, पोटगी यांवर आपण कोर्टापर्यंत भांडतो. प्रवेशाची यादी मात्र आकाशातून पडल्यासारखी मान्य करतो. वास्तविक ती यादी माणसंच करतात. कोणती परीक्षा धरायची, कोणते कागद मागायचे, कोणाला फी माफ, कोणाला नाही, हे सगळं कुठल्या तरी कार्यालयात बसून कुणीतरी ठरवलेलं असतं. आणि जे ठरवलं जातं ते बदलताही येतं.

पुण्यातली एक जुनी गोष्ट

गुणांच्या जोरावर मिळणारी शिष्यवृत्ती बाईला नाकारली गेल्याचं ठळक उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातल्या पहिल्या विद्यार्थिनी. १८८० च्या दशकाअखेरीस त्या पदवी परीक्षेत अव्वल आल्या. ज्या गुणांवर इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची ते गुण त्यांनी मिळवले होते. शिष्यवृत्ती मात्र मिळाली नाही. कारण ती मागणारी व्यक्ती स्त्री होती. नियम लिहिणाऱ्यांनी 'विद्यार्थी' असा शब्द लिहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बाई नव्हतीच. पुढे इंग्लंडमधल्या काही स्त्रियांनी पैसे उभे केले आणि कॉर्नेलियाबाई १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये त्यांनी तिथली कायद्याची पदवी परीक्षा दिली, तशी ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. तोवर परीक्षा पास, पदवी नाही!

कुणी म्हणेल, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजांच्या अमदानीतलं. आता संगणकावर यादी लागते. तर मग जपानकडे पाहू.

टोकियोतली बेरीज-वजाबाकी

२०१८ च्या ऑगस्टमध्ये टोकियो वैद्यकीय विद्यापीठाचा एक कारभार उघडकीला आला. शिक्षण मंत्रालयातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाला तिथे भ्रष्ट मार्गाने प्रवेश दिल्याची चौकशी चालू होती. ती खोदताना वेगळंच काही सापडलं. हे विद्यापीठ गेली दहा-बारा वर्षं प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण गुपचूप मागे टाकत होतं.

पद्धत साधी होती. दुसऱ्या टप्प्यातल्या निबंधाच्या पेपरला सर्वांचे गुण आधी ०.८ ने गुणायचे, म्हणजे शंभरपैकी शंभर मिळाले तरी ऐंशीच. मग पहिल्यांदा, दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या मुलग्यांना वीस गुण परत द्यायचे, चौथ्यांदा देणाऱ्या मुलग्यांना दहा. मुलींना काहीच नाही. अनेकदा नापास झालेल्या मुलग्यांनाही काही नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला हे ठाऊक असण्याची गरज नव्हती, परीक्षा देणाऱ्या मुलीला तर कळण्याची सोयच नव्हती. ती घरी जाऊन इतकंच म्हणायची की मी कमी पडले, पुढच्या वर्षी आणखी अभ्यास करीन.

कारण काय दिलं? मुली डॉक्टर होतात, मग लग्न करतात, मुलं होतात, नोकरी सोडतात. रुग्णालयात रात्रपाळीला माणूस कमी पडतो. हे वाक्य ऐकून कोणत्या मराठी बाईला परकं वाटेल? आपल्याकडे मुलीला सायन्सला घालू की नको या घरगुती बैठकीत हेच बोललं जातं. फरक एवढाच की टोकियोत ते गुणपत्रिकेत उतरवलं गेलं. मुलं सांभाळण्याचं काम एकट्या बाईवर टाकायचं, रुग्णालयाच्या पाळ्या घरी बायको असलेल्या पुरुषाच्या सोयीने लावायच्या आणि या दोहोंची किंमत अठरा वर्षांच्या मुलीच्या पेपरातून कापून घ्यायची!

चौकशी पुढे गेली तेव्हा इतर काही वैद्यकीय विद्यापीठांतही गैरप्रकार निघाले. एका विद्यापीठाने तर सांगितलं की या वयात मुलींचं संभाषणकौशल्य मुलग्यांपेक्षा चांगलं असतं, मुलाखतीत त्यांना आपोआप फायदा होतो, म्हणून आम्ही मुलग्यांचं नुकसान भरून काढलं. म्हणजे मुलगी मागे असेल तर तिची लायकी नाही, आणि पुढे असेल तर तो अन्याय.

जपानी स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. रस्त्यावर आल्या, वकील जमवले, कोर्टात गेल्या. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोच्या न्यायालयाने या विद्यापीठाला २७ स्त्रियांना मिळून सुमारे १ कोटी ८० लाख येन भरपाई देण्याचा आदेश दिला. पण आपल्या दृष्टीने भरपाईपेक्षाही बोलका आकडा दुसरा आहे. २०२१ च्या प्रवेशात देशभरच्या वैद्यकीय विद्यालयांमध्ये परीक्षा देणाऱ्या मुलींपैकी १३.६० टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि मुलग्यांपैकी १३.५१ टक्क्यांना. अशी नोंद सुरू झाल्यापासून मुलींचं प्रमाण पहिल्यांदाच पुढे गेलं. दोन-तीन वर्षांत जपानी मुलींची बुद्धी वाढली नाही. तराजूवर ठेवलेला हात बाजूला झाला, एवढंच घडलं.

आपल्याकडे हात कुठे आहे?

महाराष्ट्रात प्रवेशाच्या संगणकात मुलींचे गुण कुणी कापत नाही. उलट व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. मग आपला प्रश्न संपला का? नाही. तो यादीच्या आधीच्या रस्त्यावर सरकला आहे, आणि तिथे तो पकडणं जास्त अवघड आहे.

पहिला टप्पा परीक्षेचा. इंजिनियरिंगला बारावीत पात्रतेपुरते गुण लागतात, बाकी सगळं सीईटीच्या पर्सेंटाइलवर. मेडिकलला 'नीट'. म्हणजे ज्या बारावीच्या निकालावर मुलींची बाजी म्हणून मथळे छापतात, तो निकाल या प्रवेशांत जवळजवळ मोजलाच जात नाही. दोन वर्षं रोज नेमाने अभ्यास करणं, हा मुलींचा गुण. एका दिवसाची, तीन तासांची, वेगाने पर्याय निवडण्याची परीक्षा हा क्लासचा धंदा. क्लास तालुक्याला किंवा शहरात, फी हजारो-लाखोंत, सुटायची वेळ रात्रीची. घरात एकाच मुलाच्या क्लासचे पैसे असतील तर ते कोणावर खर्च होतात हे वेगळं सांगायला नको. त्यातून मुलगी रात्री आठला परत येणार कशी?

तमिळनाडूतल्या अरियालूर जिल्ह्यातली अनिता आठवा. मोलमजुरी करणाऱ्या दलित बापाची मुलगी. बारावीला १२०० पैकी ११७६ गुण. राज्याच्या जुन्या पद्धतीने तिला मेडिकलला जागा मिळाली असती. 'नीट'मध्ये तिला ७२० पैकी ८६ गुण पडले. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तिथे हरली आणि १ सप्टेंबर २०१७ ला तिने जीव दिला. मुलगी तीच, डोकं तेच, मेहनत तीच. एका मापाने ती राज्यातल्या पहिल्या रांगेत होती आणि दुसऱ्या मापाने नालायक. आपण परीक्षेच्या विरोधात नाही. परीक्षा नसेल तर वशिला आणि पैसा येतो, हेही आपण पाहिलं आहे. पण कोणतीही एक परीक्षा म्हणजे गुणवत्तेचं देवाने दिलेलं माप नव्हे, हे आपण ठासून म्हटलं पाहिजे.

पैसा

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि 'डोनेशन' हा शब्द घराघरात आला. १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. आणि हा व्यवहार सर्वोच्च न्यायालयात पोचला तो एका मुलीमुळे. मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९२ च्या खटल्यात प्रश्न असा होता : सरकारी जागेवरच्या विद्यार्थ्याला वर्षाला दोन हजार फी आणि बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलीला साठ हजार, हे चालेल का? न्यायालय म्हणालं, शिक्षण हा हक्क आहे, ते असं विकता येणार नाही. पुढच्या निकालांनी यातलं बरंचसं पातळ केलं. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यानंतर खासगी संस्थांचे हात पुष्कळ मोकळे झाले.

या सगळ्या वर्षांत घरातला हिशेब मात्र बदलला नाही. मुलाचं डोनेशन ही गुंतवणूक, मुलीची फी हा खर्च. कारण तिच्या नावाने आणखी एक रक्कम बाजूला काढायचीच असते, ती लग्नाची. म्हणून जुलै २०२४ चा महाराष्ट्र सरकारचा निर्णय महत्त्वाचा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी स्वतंत्र योजना आधीपासून आहेत. खासगी विनाअनुदानित कॉलेजांतही ही माफी लागू आहे. या निर्णयाचं आपण मोकळेपणाने स्वागत करू.

पण निर्णय नीट वाचू. माफी आहे ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून प्रवेश घेतलेल्या मुलीला. संस्थेच्या पातळीवर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून गेली तर नाही. खासगी अभिमत विद्यापीठात आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात गेली तर नाही. माफ होतं ते शिक्षण आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, एसटीचा पास, लॅपटॉप, ड्रॉइंगचं सामान हे घरूनच. अक्कलकुव्याच्या किंवा किनवटच्या मुलीला पुण्याला राहायचं तर खोली आणि जेवणाचा खर्चच तिला परत फिरवतो, फी शून्य असली तरी. निर्वाहासाठी योजना आहेत : अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम्, इतर मागास व भटक्यांसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना, खुल्या गटातल्या गरिबांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची. प्रत्येकीचे नियम वेगळे, अर्ज वेगळे, आणि पैसे येतात तेव्हा वर्ष बरंच सरलेलं असतं. मेसवाली मावशी मात्र पहिल्या तारखेला पैसे मागते.

पसंतीक्रम कोण भरतं?

आता त्या जागेकडे येऊ, जिथे कोणताच सरकारी नियम पोचत नाही. सीईटीचा निकाल लागला, कागद तपासून झाले, गुणवत्ता यादीत नाव आलं. त्यानंतर ऑप्शन फॉर्म भरायचा असतो. कोणतं कॉलेज, कोणती शाखा, कितव्या क्रमांकावर. जागा या क्रमानेच मिळते. पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्यांत दुसरं मागता येत नाही. नंतरच्या फेऱ्यांचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची पुस्तिका वाचण्याला पर्याय नाही.

हा फॉर्म मुलगी स्वतः भरते का? बहुतेक ठिकाणी तो नेट कॅफेत किंवा सेतू केंद्रात भरला जातो. खुर्चीवर दादा, नाही तर काका, नाही तर बापाच्या ओळखीचा कुणी सर. मुलगी मागे उभी. पहिली अट, घरून जाऊन-येऊन करता आलं पाहिजे. दुसरी, मेकॅनिकल-सिव्हिल नको, तिथे मुलींना नोकरी कोण देतं? तिसरी, पुणे-मुंबई नको, जग वाईट आहे. या तीन चाळण्यांतून जे कॉलेज खाली उतरतं ते पसंती क्रमांक एक. ज्या गुणांवर तिला पुण्या-मुंबईतलं नामांकित सरकारी कॉलेज मिळालं असतं, त्याच गुणांवर ती घराजवळच्या, कालपरवा उघडलेल्या कॉलेजात जाते. संगणकाने काही अन्याय केला नाही. त्याने मागितलं ते दिलं. कागदोपत्री ही तिची 'पसंती'!

आणि मग आपल्याला सांगतात, मुलींना कोअर इंजिनियरिंगमध्ये रस नसतो.

आयआयटीत नेमकं हेच घडत होतं. प्रवेश परीक्षा पार करूनही कित्येक मुली घरापासून लांबची आयआयटी सोडून जवळचं कॉलेज घेत. २०१६ च्या सुमाराला बी.टेक.च्या वर्गात मुली जेमतेम आठ टक्के होत्या. मग नियम बदलला. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या, मुलग्यांची एकही जागा कमी न करता. त्या वर्षी किमान १४ टक्के, २०१९ मध्ये १७, २०२० मध्ये २०. परीक्षा तीच, ती पार करावीच लागते. पण जास्त जागा म्हणजे हव्या त्या शाखेची, आटोक्यातल्या अंतरावरची शक्यता वाढली, आणि वर्गात आपल्यासारख्या आणखी मुली असणार हा भरवसाही. चार वर्षांपूर्वी ज्या मुलींना 'रस नव्हता' त्यांना तो एकाएकी कुठून आला?

बापाचं नाव, बापाचे कागद

आपल्यापैकी ज्या परित्यक्ता बायांबरोबर काम करतात त्यांना पुढची अडचण तोंडपाठ असेल. प्रवेशाला लागतात : अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर. यातले बहुतेक कागद बापाच्या बाजूने चालत येतात. ज्या बापाने दहा वर्षांपूर्वी मायलेकींना घराबाहेर काढलं आणि दुसरा संसार मांडला, त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, आजोबाच्या जुन्या नोंदीसाठी आता लेकीने त्याच दारात जायचं. तो देत नाही, किंवा देण्याची किंमत मागतो : पोटगीची केस मागे घे. प्रवेशाची शेवटची तारीख त्याला पक्की ठाऊक असते. आपल्या कितीतरी केसेस जून-जुलैत अचानक 'समझोत्याने' मिटतात, त्यामागे हे असतं का, हे एकदा तपासून पाहायला हवं.

कायदा याबाबत पूर्ण आंधळा नाही. २०१२ मध्ये रमेशभाई नाईका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आंतरजातीय लग्नात मुलाची जात आपोआप बापाचीच असं धरता येणार नाही. आईने वाढवलं असेल आणि आईच्या समाजाचे भोग त्या मुलाने भोगले असतील तर ते सिद्ध करण्याची मुभा आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी येतं, ही चळवळीचीच कमाई. पण ती मुलं कॉलेजात जायला अजून सतरा-अठरा वर्षं आहेत. आज अठरा वर्षांच्या असलेल्या, आईने एकटीने वाढवलेल्या मुलीला तहसील कचेरीतला कारकून विचारतो, "वडील कुठायत?"

आरक्षणातल्या स्त्रियांबद्दल आणखी एक गोष्ट. खुल्या गटातल्या महिलांच्या जागा म्हणजे उच्चवर्णीय महिलांच्या जागा, असा समज आपल्या काही मैत्रिणींच्याही मनात असतो. तो चुकीचा आहे. 'खुला' म्हणजे सर्वांना खुला. २०२० च्या डिसेंबरमध्ये सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोकरभरतीच्या संदर्भात हे स्वच्छ सांगितलं : मागास प्रवर्गातल्या स्त्रीचे गुण खुल्या गटातल्या स्त्रीपेक्षा जास्त असतील तर खुल्या महिला जागेवर तिचा हक्क आहे. मागास जातीच्या हुशार मुलीला तिच्या चौकटीत कोंडून ठेवायचं आणि वर गुणवत्तेच्या गोष्टी करायच्या, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

कारण हा शब्द प्रवेशानंतरही पाठ सोडत नाही. जळगावकडच्या तडवी समाजातली डॉ. पायल तडवी मुंबईत स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. २२ मे २०१९ ला तिने आयुष्य संपवलं. वरिष्ठ सहकारी तिचा जातीवरून छळ करत होत्या असा आरोप आहे, त्यावर खटला झाला. आरोप असलेल्याही स्त्रियाच आहेत, हे आपल्याला बोचलं पाहिजे. पायलच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला या दोघी २०१९ मध्ये मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, विद्यापीठांतला जातिभेद थांबवण्याची मागणी घेऊन. दोन आयांनी आपलं दुःख इतरांच्या लेकरांसाठी कोर्टात मांडलं. स्त्री चळवळीने त्यांच्यामागे किती बळ उभं केलं, हा प्रश्न प्रत्येक गटाने आपापल्या बैठकीत घ्यावा.

काय करता येईल?

"मुलींनाच फी माफ, मग गरीब मुलांचं काय?" असं आपल्याला विचारलं जातं. गरीब मुलांनाही मिळायला हवी, आणि ती मागणी त्यांनी केली तर आपण सोबत असू. पण मुलीची फी हा तिच्या आणि लग्नाच्या मांडवाच्या मधला एकमेव अडसर असतो, हे ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा कामाला लागलेलं बरं.

सरकारकडे आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. फीमाफीत विकास शुल्क धरा. निर्वाह भत्ता वर्ष सरल्यावर न देता प्रवेशाच्या महिन्यापासून द्या. तमिळनाडूत २०२२ पासून सरकारी शाळेत शिकून पुढे कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या खात्यात दरमहा एक हजार रुपये जमा होतात. रक्कम लहान आहे, पण ती दरमहा येते आणि मुलीच्या हातात येते. त्याच राज्याने अनितानंतर तीन वर्षांनी, २०२० मध्ये, सरकारी शाळांतल्या मुलांसाठी मेडिकलच्या ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळेच्या मुलींसाठी असं काही का होऊ नये? प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींच्या वसतिगृहांत जागा वाढवा. एकल आईच्या लेकीला आईच्या कागदांवर दाखला मिळण्याचा स्पष्ट आदेश तहसील कचेऱ्यांना द्या. आणि दरवर्षी प्रवेश संपल्यावर शाखेनिहाय, कॉलेजनिहाय, प्रवर्गनिहाय मुलींचा आकडा जाहीर करा. टोकियोतली लबाडी इतकी वर्षं टिकली, कारण आकडे कोणी बाहेर येऊ देत नव्हतं.

पण काही काम सरकारची वाट न पाहता आपल्याच हातातलं आहे. हळदीकुंकवाला आणि बचत गटाला बायका जमतात, तिथे डिसेंबर-जानेवारीतच आयांना सांगावं की कोणकोणते दाखले आत्ता काढून ठेवायचे. निकालानंतर त्या खिडकीवर तुटून पडावं लागतं आणि नेमकी तेव्हाच अडवणूक होते. गावातल्या, वस्तीतल्या इंजिनियरिंग-मेडिकल शिकणाऱ्या मुलींना हाताशी धरून मे-जूनमध्ये प्रवेश मदत केंद्र चालवावं. त्यासाठी एक खोली, एक संगणक आणि दोन जाणत्या मुली पुरतात. ऑप्शन फॉर्म भरताना मुलगी स्वतः खुर्चीवर बसलेली असावी, एवढा एक नियम प्रत्येक केंद्राने पाळावा. बाप-भाऊ सोबत आले तर त्यांना चहा द्या, पण माउस मुलीच्या हातात द्या. लांबच्या कॉलेजची भीती असेल तर तिथे शिकणाऱ्या मुलीशी आईचं फोनवर बोलणं करून द्या. दहा भाषणांनी जे होत नाही ते एका आईने दुसऱ्या मुलीला "रात्री हॉस्टेलचं दार किती वाजता बंद होतं गं?" असं विचारल्याने होतं.

ज्या केंद्रांत हे काम झालं, त्यांनी आपले अनुभव, अडलेल्या केसेस आणि कचेरीतून मिळालेली उत्तरं लिहून ठेवावीत आणि आमच्याकडे पाठवावीत. कोणत्या तालुक्यात कोणता कागद अडतो, कोणतं कॉलेज माफी असूनही पैसे मागतं, किती मुलींनी गुण असून जागा सोडली, हे एकत्र केलं तर पुढच्या मंत्र्याच्या टेबलावर आपली एक वेगळी यादी ठेवता येईल. गुण असूनही ज्यांची नावं कोणत्याच यादीत आली नाहीत, अशा मुलींची.